चहाच्या कपातला चेंडू

“आधी दिशा बघ, मग जोर लाव.”

माझ्या अंगात पहिल्यांदा वीज आली तेव्हा कानावर पडलेले हे पहिले शब्द. आवाज भरदार होता, थोडा दटावणारा, पण त्यात माया होती. ज्या मुलीला तो हे सांगत होता तिचं बोट माझ्या बटणावर टेकलेलंच होतं. तिने ते झटकन मागे घेतलं.

मित्रांनो, मी एक जुना झुलता दांडा आहे. माझं रूप काही डोळ्यांत भरण्यासारखं नाही. सरकत्या खिडकीची एक टाकाऊ पट्टी, तिच्या मधोमध आधार, एका बाजूला सायकलच्या स्पोकचा तुकडा, आणि त्या स्पोकला वरखाली करणारी, मोडक्या प्रिंटरमधून काढलेली मोटार. पट्टीच्या खोबणीत टेबल टेनिसचा एक चेंडू घरंगळत असतो. माझ्या टोकाला बसवलेला डोळा त्याच्यावर नजर ठेवतो. चेंडू डावीकडे निघाला की मी डावी बाजू उचलायची, उजवीकडे निघाला की उजवी. चेंडू मध्यावर राहिला पाहिजे. घरातली म्हातारी माणसं एखादा नेम धरतात आणि ताप आला तरी मोडत नाहीत, तसा माझा हा एकच नेम.

ऐकायला सोपं वाटतं ना? मग हातात एक फूटपट्टी धरा, तिच्यावर गोटी ठेवा आणि बघा. घाई केलीत तर गोटी इकडून तिकडे झोके घेत राहील. आळस केलात तर जमिनीवर जाईल. माझ्या बैठकीवर तीन नॉब आहेत. पहिला चेंडू आत्ता किती चुकला आहे ते बघतो. दुसरा आजवरच्या चुका साठवून ठेवतो. तिसरा चेंडूचा वेग बघून पुढे काय होणार ते ओळखतो. तिघांचं जमलं की चेंडू मध्यावर येऊन असा निवांत थांबतो, जणू मांडीवर झोपलेलं मूल. इंजिनिअरिंगच्या मुलांना नियंत्रणाचं शास्त्र शिकवतात ते हेच. विमान असो, लिफ्ट असो, नाहीतर गरम पाण्याची टाकी असो, चूक किती झाली ते बघायचं आणि तिच्या उलट बाजूने ढकलायचं.

माझा जन्म एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. मला घडवणारे सर कॉलेजात हे शास्त्र शिकवायचे. कॉलेजात त्यासाठी एक महागडं यंत्र होतं, पण ते काचेच्या कपाटात, आणि किल्ली विभागप्रमुखांकडे. मुलं काचेबाहेर उभी राहून त्याचं चित्र काढायची आणि पास व्हायची. सर चिडायचे. “पोहायला शिकवतात आणि पाण्याला हात लावू देत नाहीत!” म्हणायचे. मग एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी घरातलं मोडकंतोडकं गोळा केलं आणि मला जुळवायला बसले. बैठकीला काही मिळेना, तेव्हा त्यांनी भाजी चिरायचा पाट उचलला.

“अहो, माझा पाट!” त्यांची बायको म्हणाली.

“तुला नवा आणतो की.”

“तुमचं ‘आणतो’ मला चांगलं ठाऊक आहे. तोवर भाजी काय डोक्यावर चिरू?”

ती असं म्हणाली खरी, पण हळू आवाजात, हसत. या बाईंचा आवाज मुळातच बारीक. शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारायची तरी त्या उठून त्याच्यापर्यंत जायच्या.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला त्यांची मुलगी बसली होती. तेव्हा ती शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. अंगाने बारकी आणि हाताला कधी उसंत नाही, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणायचे. चेंडू तिचाच. पट्टी घासून गुळगुळीत केली तीही तिनेच. आणि “आधी दिशा बघ” हे सांगणं तिलाच होतं. त्याचं कारण असं, की माझ्या मोटारीच्या दोन तारा उलटसुलट लागल्या तर माझी बुद्धी फिरते. उचलायची ती बाजू मी पाडतो. चेंडूला आवरण्याऐवजी लाथाडतो. म्हणून जोर अगदी कमी ठेवायचा, चेंडू बोटाने एका बाजूला धरायचा आणि कुठली बाजू उचलली जाते ते आधी बघायचं.

मुंगीने बघितलं. तारा उलट्याच होत्या. खुदकन हसून तिने त्या सोडवल्या, नीट जोडल्या, मग जोर लावला. चेंडू जरासा डुलला आणि मध्यावर येऊन थांबला.

“शाब्बास, मुंगे!” सर म्हणाले.

त्या एका शब्दाने त्या मुलीचा चेहरा कसा उजळला ते मी पाहिलं आहे. सरांच्या तोंडून तिच्यासाठी तो शब्द मला पुन्हा ऐकायला मिळाला नाही.

मी कॉलेजात आलो. मला पाहून मुलांनी माझ्यासारखी भावंडं बनवली, कुणी पंख्याच्या पात्याची, कुणी पुठ्ठ्याची. प्रयोगशाळेत एक मोठं टेबल आमच्यासाठी वेगळं ठेवलं. पहिल्यांदाच मुलांचे हात नियंत्रणाला लागले. चेंडू खाली पडायचे, मुलं टेबलाखाली शिरायची, डोक्यावर डोकी आपटायची. काहीही केलं तरी माझं समाधान होत नाही म्हणून त्यांनी माझं नाव सासूबाई ठेवलं. “आज सासूबाईंचा मूड कसा आहे?” “नको विचारू, सकाळपासून दोनदा चेंडू फेकलाय.” मला राग यायचा नाही. कुणी खोबणीत च्युइंगम चिकटवलं, कुणी माझ्या डोळ्यासमोर बोट नाचवून मला वेड्यासारखं हलवलं. मी ते सोसलं. वापरात असलेल्या वस्तूला एवढं सोसावंच लागतं.

सर मला फार जपायचे. रोज आपल्या रुमालाने माझी खोबणी पुसायचे. माझ्या शेजारी कुणी नुसती पाण्याची बाटली ठेवली तरी गरजायचे. पण जी माया त्यांना एका पट्टीसाठी सुचायची ती माणसाच्या पोरासाठी सुचायची नाही.

परीक्षेच्या आधी ते गुपचूप एखाद्या दांड्याच्या तारा उलट करून ठेवायचे. मुलं त्याला “सरांचा चिमटा” म्हणायची. जो आधी दिशा बघे तो वाचे. जो घाबरून थेट जोर लावी, त्याचा चेंडू उडून भिंतीवर आदळे. मग सर सगळ्यांना हाक मारून जवळ बोलवायचे.

“या, या, दर्शन घ्या. हे उद्याचे इंजिनिअर. यांच्या लिफ्टमध्ये बसा आणि थेट गच्चीतून बाहेर पडा.”

सगळे हसायचे. आज हसणाऱ्याला माहीत असायचं की उद्या आपली पाळी आहे, म्हणून तो जरा जास्तच मोठ्याने हसायचा. पुढे मुंगीच्या वर्गात असलेला जाड चष्म्याचा एक मुलगा तर प्रत्येक परीक्षेआधी बेसिनशी जाऊन ओकायचा. “मार बसला की लक्षात राहतं,” असं सर म्हणायचे. लक्षात राहायचं, पण मला वाटतं, त्यांच्या लक्षात दिशा राहायची नाही, सर राहायचे.

आणि मग त्याच कॉलेजात मुंगी आली.

घरी बाबा असलेला माणूस इथे सर झाला. ते तिला नावाने हाक मारत नसत, हजेरीच्या क्रमांकाने मारत. तिचा हात वर असला तर दुसऱ्याला उत्तर विचारत. तिचा चेंडू मध्यावर असला तर पुढे निघून जात, आणि जरा हलला तर थांबत. मुलं म्हणायची, “तिला काय, घरात आयतं कोचिंग.” तीही बोलायची नाही, सरही बोलायचे नाहीत. पण ती प्रयोगशाळा उघडण्याआधी दाराशी उभी असायची. बाकीचे नॉब फिरवून फिरवून कंटाळत, ती मात्र चेंडूच्या घरंगळण्याचा आवाज ऐकत बसायची आणि एक नॉब केसभर फिरवायची. माझी कुठली बाजू किंचित जड आहे, ऊन खिडकीतून आलं की माझा डोळा कसा दिपतो, हे तिला ठाऊक होतं. तिच्या हातात मी आलो की माझा नेम कधी चुकला नाही.

शेवटच्या वर्षी लिफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्याने तिला निवडलं. हे काम तिला मनापासून हवं होतं. अट एकच, प्रात्यक्षिक परीक्षा पहिल्याच फेरीत पास झाली पाहिजे.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक वयस्क परीक्षक आले होते. ते खिडकीपाशी चहाचा कप घेऊन बसले. विभागप्रमुखही फेरी मारायला आले. त्यांचं बोलणं इतकं गोड की मुलं त्यांना साखरसर म्हणायची. त्या साखरेला मुंग्या लागत नसत, ती साखरच चावत असे. ते माझ्या टेबलापाशी, सरांच्या कानाशी लागले.

“सर, आज कन्यारत्नाची परीक्षा. तिला तुमच्या चिमट्याची काय भीती म्हणा! ज्या घरात चिमटा घडला त्याच घरात वाढली ती.”

“तिला वेगळा न्याय नाही,” सर म्हणाले.

“छे छे, मी कुठे काही म्हणतोय? लोक म्हणतात हो. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?” आणि हसत पुढे गेले.

सर तिथेच उभे राहिले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मुंगी आली. तिने जोर कमी ठेवला, चेंडू बोटाने एका बाजूला धरला. मी बरोबर तीच बाजू उचलली. दुसऱ्या बाजूला धरला, मी ती उचलली. दिशा ठीक होती. आमच्याकडे नियम असा, की दिशा तपासून झाली की विद्यार्थ्याने परीक्षकांना बोलावून आणायचं आणि त्यांच्यासमोर जोर लावायचा. चिमटा घ्यायचा तो त्याआधीच. दिशा तपासल्यावर तारांना कुणी हात लावायचा नाही. आजवर सरांनीही कधी लावला नव्हता.

ती खिडकीकडे गेली. तिची पाठ आमच्याकडे होती.

सरांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. ज्या बोटांनी मला जोडलं होतं त्याच बोटांनी माझ्या तारा सोडवल्या आणि उलट लावल्या. मी वाट पाहत होतो की ती बोटं थरथरतील. नाही थरथरली. स्क्रू घट्ट बसला आहे की नाही तेही त्यांनी पुन्हा पाहिलं. मित्रांनो, माझ्या जातीला तोंड दिलेलं नाही. दिलं असतं तर मी त्या दिवशी ओरडून छत डोक्यावर घेतलं असतं.

परीक्षक कप हातात घेऊनच आले. “हं, होऊ दे, बाळ.”

मुंगीने जोर लावला.

मी चेंडूला असा फेकला की तो खोबणीतून उडाला आणि थेट परीक्षकांच्या चहात पडला. चहा त्यांच्या सदऱ्यावर उडाला. सगळी प्रयोगशाळा फुटल्यासारखी हसली. जाड चष्म्याचा मुलगाही हसला.

“सर, मी दिशा बघितली होती,” मुंगी म्हणाली.

“बघितली होती? मग चेंडूला काय चहाची तल्लफ आली?”

पुन्हा हशा झाला. तिने खाली वाकून माझ्या तारा पाहिल्या. मग मान वर केली आणि सरांच्या खिशातून डोकावणाऱ्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. साखरसर दारात उभे होते. ती एक शब्द बोलली असती तर तिचा बाप तिथल्या तिथे उघडा पडला असता. ती बोलली नाही.

परीक्षक रुमालाने सदरा टिपत म्हणाले, “अहो, पोर हुशार दिसते. पुन्हा एकदा करू द्या तिला.”

“का? माझी मुलगी आहे म्हणून? बाकीच्यांना दुसरी संधी मिळाली नाही. तिलाही नाही.” सर हे दाराकडे बघून म्हणाले.

मुंगी नापास झाली.

उडताना स्पोक वाकला होता, म्हणून सरांनी मला दुरुस्तीला घरी नेलं. त्याच स्वयंपाकघरात, त्याच टेबलावर ठेवलं. मुंगी समोर बसली होती, रडून झाल्यावर माणूस बसतो तशी. तिची आई ओट्याला टेकून उभी होती.

“अहो, तारा तुम्ही बदलल्यात?”

“जगात दिशा एकदा बघून भागत नाही. ती कधीही बदलते. ते शिकायला नको?”

“मी विचारलं ते सांगा.”

“हो. मीच.” मग त्यांचा आवाज चढला. “कुणी म्हणायला नको की पोरीला घरचंच पुढे केलं!”

“त्या ‘कुणी’ला जेवायला वाढते का मी रोज?” आई म्हणाली. आवाज बारीकच होता. “परक्याच्या लेकरालासुद्धा माणूस असं करत नाही हो. आणि ही पोटची.”

मग मुंगी बोलली.

“बाबा, नोकरी गेली ती जाऊ दे. मला पास पण करू नका. फक्त एकदा सगळ्यांसमोर सांगा की मी दिशा बघितली होती. मी बरोबर होते.”

सरांनी माझा स्पोक हातात घेतला, सरळ केला, परत बघितला.

“सांगीन,” ते म्हणाले.

त्या आठवड्यात साखरसर रजेवर होते, म्हणून राहिलं. मग निकाल लागला, तेव्हा ती वेळ बरी नव्हती. मग नवं वर्ष सुरू झालं आणि नव्या मुलांना जुनं सांगून काय उपयोग, असं झालं. मुंगी पुढच्या फेरीत पास झाली. लिफ्टच्या कारखान्याने तोवर दुसऱ्याला घेतलं होतं. ती लांबच्या एका शहरात वजनकाट्यांच्या दुरुस्तीच्या कामाला लागली. मागे प्रयोगशाळेत तिची गोष्ट तेवढी राहिली. नव्या मुलांना जुनी मुलं सांगायची, “सरांच्या स्वतःच्या मुलीने चहात चेंडू पाडला, ठाऊक आहे?” दर वर्षी त्या गोष्टीत थोडा मीठमसाला पडायचा. कप फुटायचा, परीक्षक खुर्चीवरून पडायचे. सर ते ऐकायचे आणि गालात हसायचे. मला ते हसू फार लागायचं.

पुढे सरांचं नाव झालं. टाकाऊतून प्रयोग उभे करणारे शिक्षक म्हणून त्यांना मोठं पारितोषिक मिळालं. मोठ्या सभागृहात समारंभ झाला. मला मंचावर दिव्याखाली ठेवलं होतं. साखरसर पहिल्या रांगेत होते, जुने विद्यार्थी दुरून आले होते. आणि शेवटच्या रांगेत, मांडीवर प्रवासाची पिशवी घेऊन, आईच्या शेजारी मुंगी बसली होती. ती इतक्या वर्षांनी का आली, ते मला नंतर कळलं. सरांनी बायकोला सांगितलं होतं, “आज सांगणार आहे. सगळे आहेत. तिला बोलाव.”

सर बोलायला उभे राहिले. प्रयोगाविषयी बोलले, माझ्यावर हात ठेवला. मग थांबले. सरांची नजर शेवटच्या रांगेकडे गेली, तिथून पहिल्या रांगेकडे आली.

“आता एक गंमत सांगतो,” ते म्हणाले. “एका हुशार मुलीने दिशा न बघताच जोर लावला, आणि चेंडू थेट परीक्षकांच्या चहात!”

पुढचं त्यांना सांगावंच लागलं नाही. सगळं सभागृह हसत होतं. साखरसर मांडीवर थाप मारून हसत होते. लोक टाळ्या वाजवत होते आणि सर मान लववून त्या घेत होते. मुंगी पिशवी खांद्याला लावून उठली.

समारंभानंतर मला खोक्यात घालून जिन्याशी ठेवलं होतं. दोघी मायलेकी तिथेच उभ्या होत्या.

“थांब गं जरा,” आई म्हणाली. “ते नाही बोलले तर मी बोलेन. सगळ्यांसमोर बोलेन.”

“आई, ते ‘सांगीन’ म्हणाले होते. तू ‘बोलेन’ म्हणतेस.” ती हसली. ते हसू रडण्याहून वाईट होतं. “जाऊ दे. गाडी चुकेल माझी.”

त्यानंतर ती घरी आली नाही. आईला फोन करायची, बाबांचं नाव काढायची नाही.

माझेही दिवस फिरले. प्रयोगशाळेत संगणक आले. पडद्यावर चेंडू, पडद्यावर दांडा, पडणं नाही की आवाज नाही. माझी भावंडं भंगारात गेली. मला कपाटावर टाकलं, अंगावर एक मोडका पंखा ठेवला. ज्या मुलांनी मला सासूबाई म्हटलं होतं त्यांच्यातलं कुणी वर बघितलं नाही. सर निवृत्त झाले तेव्हा शिपायाने मला खाली काढलं आणि म्हणाला, “हे तुमचंच ना? नाहीतर फेकतोच आहे.” सरांनी मला घरी आणलं.

मग सर आजारी पडले. पलंगाशेजारच्या स्टुलावर मी असायचो. पडल्यापडल्या ते माझा नॉब चाचपत. बायको म्हणायची, “अहो, आता तरी. तिला एवढं ऐकायचंय. फोन लावून देते.”

एकदा तिने फोन लावलाच आणि मोठा आवाज करून त्यांच्या उशीपाशी ठेवला.

“बाबा?” मुंगी म्हणाली.

सरांनी डोळे मिटले. उघडले. “जेवलीस का?”

“हो.”

ती थांबली. फोनमधून तिच्या श्वासाचा आवाज येत होता. तिला काय ऐकायचं होतं ते त्या खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं, मला धरून. सरांनी मान वळवली आणि बायकोला खुणेने सांगितलं, फोन घेऊन जा.

फोन बाहेर गेल्यावर ते म्हणाले, “आता कशाला जुनं उकरायचं?” ते गेले तेव्हा तो शब्दही त्यांच्याबरोबर गेला.

मुंगी आली. जे करायचं ते तिने केलं. बापाच्या डोक्याखालची उशी नीट केली, आईला जबरदस्तीने दोन घास भरवले. रडली नाही. आणि परत गेली.

मग कॉलेजात शोकसभा ठरली. जाड चष्म्याचा तो मुलगा आता मोठा अधिकारी झाला आहे. त्याचा फोन आला. आई माझी धूळ पुसत होती, एका हातात फडकं, एका हातात फोन.

“काकू, मी गाडी पाठवतो. येताना तेवढी आमची सासूबाई आणा ना. सरांच्या फोटोशेजारी ठेवू. आणि ती चहाच्या कपाची गोष्ट मीच सांगणार आहे हं! सगळे तेवढ्यासाठी थांबलेत. सर कसे निःपक्षपाती होते, पोटच्या मुलीलाही सोडलं नाही, हे आजच्या मुलांना कळायला हवं.”

आईचं फडकं थांबलं.

“दांडा आणते,” ती म्हणाली. “गाडी नको. मी माझी येते. आणि ती गोष्ट तू नको सांगूस, बाळा. तुला ती पूर्ण ठाऊक नाही.”

“बरं काकू, तुम्हीच सांगा. मजा येईल!”

मग तिने मुलीला फोन लावला. “सभेला येतेस का?”

“नको गं आई. तिथे मला पुन्हा ते चहाचं ऐकावं लागेल. माणूस गेला तरी गोष्ट जात नाही.”

आपण काय करणार आहोत ते आईने सांगितलं नाही. “बरं,” एवढंच म्हणाली. “जेवून घे वेळेवर.”

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हेच मागतात, की आम्हाला जपा, फेकू नका. मी ते मागत नाही. माझ्यावर धूळ बसली तर ओल्या फडक्याने जाते, स्पोक वाकला तर सरळ होतो. पण कुणाच्या हक्काचा एक शब्द तुमच्याजवळ अडकून पडला असेल तर तो त्याला देऊन टाका. तो माणूस ऐकायला आहे तोवर, आणि तुम्हाला बोलता येतं तोवर. वस्तू वाट पाहू शकते. माणूस वाट पाहून पाहून दगड होतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

आज सकाळी आईने आपलं रोजचं सगळं उरकलं, हात पुसले आणि मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. माझ्यासमोर उभी राहिली, जणू मीच ते भरलेलं सभागृह.

“माझी मुलगी बरोबर होती,” ती म्हणाली.

आवाज गॅसच्या शेगडीपर्यंतही पोचला नाही. तिने पदर सारखा केला, घसा खाकरला.

“माझ्या मुलीने दिशा बघितली होती. तारा तिच्या वडिलांनी बदलल्या.”

या वेळी ओट्यावरची भांडी आवरायला आलेली कामवाली दारातच थबकली. “काय झालं, बाई? मला हाक मारली?”

“नाही गं. तू कर तुझं काम.”

चाळीस वर्षं ज्या माणसाला तिने चारचौघांत उलट शब्द केला नव्हता, त्याच्या फोटोसमोर, त्याच्या फुलांसमोर, त्याची स्तुती करायला जमलेल्यांसमोर तिला हे म्हणायचं होतं. तिथे कुणी टाळी वाजवणार नव्हतं. उद्यापासून लोक तिलाही नावं ठेवणार होते. आणि जिच्यासाठी हे सगळं, ती तिथे नसणार होती.

कामवाली काम आटोपून गेल्यावर तिने मला जुन्या चादरीत गुंडाळलं, चेंडू वेगळा पिशवीत ठेवला. दाराला कुलूप लावलं. मला छातीशी धरून ती जिना उतरू लागली. मधल्या पायरीवर जरा थांबली, ओठांतल्या ओठांत ते वाक्य पुन्हा एकदा म्हणाली आणि रस्त्याला लागली.